विजेवर चालणारी तीनचाकी गाडी व तिचे ब्रेक

शेतांत पिकलेला माल बाजारापर्यंत नेण्यास जो खर्च पडतो तो शेतकऱ्याच्या हिशेबांत बहुधा सर्वांत शेवटीं मांडला जातो. परंतु नफातोट्याचा निकाल पुष्कळ वेळां त्याच रकमेनें लागतो. या कारणानें विजेवर चालणाऱ्या लहान मालवाहू गाड्यांकडे बागाईतदारांचें व दूधधंदा करणारांचें लक्ष अलीकडे वेधलें आहे, हें योग्यच आहे. या गाड्यांस डिझेल लागत नाहीं, झिजणारे भाग थोडे असतात आणि घरच्या विजेवर त्या रात्रींत भरून निघतात. त्या आपल्या प्रांतांतच तयारही होतात. बारामती येथील पियाजिओच्या कारखान्यांत विजेच्या तीनचाकी गाड्या बनतात. नगरच्या कायनेटिक कारखान्याची १९७२ सालची लूना तर आपल्या जिल्ह्यांत घरोघर माहीत आहे, व त्याच नांवाची विजेवर चालणारी दुचाकी २०२४ सालीं बाजारांत आली.

गाडी घेतांना मात्र बहुतेक गिऱ्हाइकें दोनच प्रश्न विचारतात. एका भरण्यांत ती किती कोस जाईल, आणि ती किती माल ओढील? भरलेली गाडी उतारावर थांबेल कशी, हा तिसरा प्रश्न क्वचितच निघतो. पाथर्डी तालुक्यांतील शेतकऱ्यास हा तिसरा प्रश्न पहिला मानला पाहिजे. गर्भगिरीच्या रांगा या तालुक्यांतून गेलेल्या आहेत. नगरहून पाथर्डीस येणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ करंजीच्या घाटांतून येतो, म्हणजे नगरच्या बाजारास कांदा नेणाऱ्यास एकाच फेरींत चढ व उतार हे दोन्ही भोगावे लागतात. मोहटादेवीचा गड, वृद्धेश्वराची वाट व डोंगराच्या कुशींतील वाड्यावस्त्या येथेंही तोच प्रकार. म्हणून या लेखांत आम्ही या गाडीचे ब्रेक कसे काम करतात, कोणत्या वेळीं दगा देतात व हांकणाऱ्यानें काय संभाळावें, एवढेंच सांगणार आहों.

गाडीचा वर्ग व तिचें ओझें

प्रथम आपली गाडी कोणत्या वर्गांतील आहे हें जाणून घ्यावें. केंद्र सरकारच्या २०१४ सालच्या नियमांत ‘ई-कार्ट’ नांवाचा एक हलका वर्ग ठरविलेला आहे. या गाडीनें ३१० किलोपर्यंत माल न्यावा व तिचा वेग ताशीं २५ किलोमीटरांपेक्षां अधिक नसावा, असा नियम आहे. आणि २०१५ सालच्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानें अशा गाडीच्या मोटरीची शक्ति ४००० वॅटच्या आंत ठेविली आहे. यांहून मोठ्या तीनचाकी गाड्यांचा वर्ग निराळा. त्या अधिक वेगानें जातात व त्यांतील कित्येक सुमारें पांच क्विंटल माल नेतात. दोहोंचा आकार दुरून सारखाच दिसतो, परंतु त्यांची ताकद व ब्रेक सारखे नसतात.

याचें महत्त्व एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. उन्हाळ्यांत आपल्या तालुक्यांत जनावरांसाठीं व झाडांसाठीं टाकीनें पाणी नेण्याची वेळ वारंवार येते. ५०० लिटरची टाकी भरली कीं नुसत्या पाण्याचेंच वजन ५०० किलो होतें. हलक्या वर्गाच्या गाडीवर ती ठेविली, तर नियमाच्या दीडपटीहून अधिक ओझें झालें. सपाटीवर मोटर तें ओढतेही, आणि त्यामुळें मालकास वाटतें कीं गाडीस ओझें सोसलें. परंतु मोटरीनें ओढलेलें ओझें ब्रेकनें थांबेलच असें नाहीं. चढाची परीक्षा मोटरीची असते, उताराची परीक्षा ब्रेकची असते.

ब्रेक दोन प्रकारचे

या गाडीस दोन प्रकारांनीं रोखतां येतें. पहिला प्रकार चाकांतील ब्रेकचा. पायपट्टी दाबली म्हणजे चाकाच्या ड्रममध्यें बसविलेल्या पट्ट्या ड्रमवर घासतात व चाक मंदावतें. हा ब्रेक मोटारसायकलीच्या व ट्रॅक्टरच्या परिचयाचा असल्यानें त्याविषयीं अधिक सांगणें नको.

दुसरा प्रकार मोटरीच्याच अंगचा आहे. मोटरींत वीज सोडली म्हणजे ती फिरते. उलट तीच मोटर बाहेरून फिरविली म्हणजे वीज उत्पन्न करते. जुन्या सायकलीच्या दिव्याचा डायनामो चाकास टेकविला म्हणजे पायडल जड लागत असे, हें अनेक वाचकांस आठवत असेल. तो जडपणा म्हणजेच हा ब्रेक. वेगाची मूठ सोडली असतां उतारावर चाकें मोटरीस फिरवितात, मोटर डायनामो बनते, उत्पन्न झालेली वीज बॅटरींत परत जाते व गाडी मागें ओढल्यासारखी मंद होते. बैलगाडीची उपमा द्यावयाची तर उतारावर बैल मान ताठ करून, जोखडानें गाडी मागें रेटून धरतात, तसाच हा प्रकार आहे. डिझेलच्या गाडींत खालच्या गियरमध्यें इंजिन जें काम करतें तें येथें मोटर करते.

ही सोय फार उपयोगाची आहे, परंतु तिच्याविषयीं दोन गैरसमज आढळतात. एक असा कीं, उतारावर पुष्कळ वीज परत मिळून मोठी बचत होते. दुसरा असा कीं, मोटर गाडीस धरते म्हणून चाकांच्या ब्रेककडे लक्ष देण्याची गरज नाहीं. पहिल्या समजानें निराशा होते, दुसऱ्यानें प्राणावर बेततें.

घाटांत काय घडतें

गाडी, हांकणारा व माल मिळून १० क्विंटल वजन धरूं. ही गाडी उंचीनें १०० मीटर खालीं उतरली तर तिच्या ठिकाणीं जी शक्ति मोकळी होते ती विजेच्या मापानें पाव युनिटाहून किंचित् अधिक भरते. रस्त्याचें व हवेचें घर्षण वजा जातां, आणि मोटर व बॅटरी यांतील घट सोडतां, प्रत्यक्ष हातीं येणारी वीज त्याहून कमीच. म्हणजे बचत कांहीं थोड्या पैशांची आहे. परंतु तीच पाव युनिट शक्ति मोटरीनें घेतली नाहीं, तर ती चाकांच्या ड्रममध्यें उष्णता होऊन राहते, आणि ती उष्णता सुमारें ३ लिटर गार पाणी उकळीस आणण्याइतकी असते. मूठभर वजनाच्या पट्ट्यांनीं व लहानशा ड्रमांनीं ती सोसावयाची असते. मोटरीच्या ब्रेकचा खरा लाभ हा आहे. तो चाकांचे ब्रेक थंड राखतो.

दुसऱ्या रीतीनें पाहूं. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी सपाटीवर थांबविण्यास ब्रेकवर जो भार पडतो तो गाडी सुमारें ६ मीटर खालीं उतरविण्याच्या भाराएवढा असतो. म्हणजे १०० मीटरांचा उतार पायपट्टी दाबून धरून उतरणें हें त्या वेगांतून गाडी लागोपाठ सोळा वेळां थांबविण्यासारखें आहे. घर्षणाची मदत वजा केली तरी दहा-अकरा वेळां तें घडतेंच. ड्रम अतिशय तापले म्हणजे पट्ट्यांची पकड सुटूं लागते. पाय दाबूनही गाडी मंदावत नाहीं, जळका वास येतो, आणि ज्या ब्रेकमध्यें तेल असतें त्यांत तें उकळून पायपट्टी मऊ पडते व खालीं जाते.

मोटरीचा ब्रेक कोठें दगा देतो

उतारावर मोटरीचा आधार पुढील प्रसंगीं मिळत नाहीं, हें प्रत्येक हांकणाऱ्यानें पाठ केलें पाहिजे.

पहिला प्रसंग बॅटरी पूर्ण भरलेली असतांना. काठोकाठ भरलेल्या रांजणांत आणखी पाणी मावत नाहीं, तसें भरलेल्या बॅटरीस परत येणारी वीज घेतां येत नाहीं. मग गाडीचा कंट्रोलर हा ब्रेक कमी करतो किंवा बंद करतो. ज्याचें घर उंचावर आहे व जो पहांटे शंभर टक्के भरलेल्या गाडीनें थेट उतारास लागतो, त्यास नेहमीपेक्षां गाडी सैल सुटल्याचा अनुभव येतो. अशा मालकानें भरणें थोडें कमी ठेवावें, किंवा पहिला उतार चाकांच्या ब्रेकवर व अगदीं हळू उतरावा.

दुसरा, गाडी न्यूट्रलमध्यें टाकली अगर किल्ली बंद केली असतां. डिझेल वांचविण्यासाठीं घाटांत गाडी न्यूट्रलमध्यें सोडण्याची खोड कांहीं जुन्या हांकणाऱ्यांस असते. विजेच्या गाडींत त्यानें कांहींच वांचत नाहीं, उलट परत मिळणारी वीजही जाते व मोटरीचा आधार तुटतो. शिवाय किल्ली फिरविल्यानें हँडल कुलूप होण्याचा संभव असतो. चालत्या गाडीची किल्ली कधींही फिरवूं नये.

तिसरा, गाडी अगदीं हळू झाल्यावर. चाकें मंद फिरूं लागलीं म्हणजे मोटरीचा अटकाव घटत जातो व उभ्या गाडीस तो उतारावर धरून ठेवीलच असा भरंवसा नसतो. म्हणून शेवटचें थांबणें व उभें राहणें हें चाकांच्या ब्रेकचेंच काम समजावें.

चौथा, मोटर अगर बॅटरी फार तापली असतां, किंवा विजेच्या जोडण्यांत बिघाड झाला असतां. वैशाखाच्या उन्हांत भरल्या ओझ्यानें लांब चढ चढल्यावर लगेच उतार लागला, तर हा प्रसंग संभवतो. चढ संपल्यावर थोडी विश्रांति द्यावी. बैलांसही आपण ती देतोंच.

पांचवा, ओल्या काळ्या जमिनीवर. मोटरीचा ब्रेक फक्त मोटरीस जोडलेल्या मागील चाकांवर चालतो. गाडी रिकामी असली व माती निसरडी असली तर तीं चाकें एकदम अडून मागचा भाग बाजूस सरकतो. अशा वाटेवर वेगाची मूठ झटक्यानें न सोडतां हळूहळू सोडावी.

याखेरीज कित्येक हलक्या व स्वस्त गाड्यांत ही सोय मुळींच नसते, किंवा अगदीं नांवापुरती असते. आपल्या गाडींत ती आहे कीं नाहीं हें विक्रेत्यास विचारून व प्रत्यक्ष उतारावर पाहून ठरवावें.

उतार उतरण्याची रीत

उताराच्या तोंडाशींच वेग कमी करावा. मध्यावर वेग वाढल्यानंतर तो आवरणें दुप्पट कठीण. गियर पुढील चालीचाच ठेवावा व वेगाची मूठ सोडावी. तरीही वेग वाढूं लागला तर पायपट्टी थोडा वेळ चांगली दाबून वेग पुरता उतरवावा व मग सोडून द्यावी. सारा उतारभर पाय तसाच हलका ठेवून पट्ट्या घासत नेऊं नयेत. मधल्या वेळांत ड्रमांस वारा लागून ते निवतात.

वेगाचें फळ कसें मिळतें तें पाहा. हांकणाऱ्यास सावध होऊन ब्रेक दाबण्यास दीड सेकंद लागतो असें धरलें, तर कोरड्या सपाट रस्त्यावर ताशीं ४० किलोमीटर वेगाची गाडी थांबेपर्यंत सुमारें ३२ मीटर जाते. ताशीं २० किलोमीटर वेगाची गाडी सुमारें १२ मीटरांत उभी राहते. ओझें अधिक असेल, रस्ता ओला असेल किंवा उतार असेल तर दोन्ही आंकडे वाढतात. ऊंसाच्या हंगामांत कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्या व ट्रॉल्या वळणावर अचानक पुढें येतात, त्या वेळीं हा वीस मीटरांचा फरकच माणूस वांचवितो.

जळका वास आला, अगर पायपट्टी मऊ लागली, तर पुढील सोयीच्या जागेची वाट न पाहतां कडेस थांबावें, हँडब्रेक ओढावा व चाकांखालीं दगड लावावे. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतूं नये. धातूस तडा जातो. तो आपोआप निवूं द्यावा. आणि दैववशात् ब्रेक पुरते गेलेच, तर पायपट्टी भराभर दाबून पाहावी, हँडब्रेक हळूहळू ओढीत जावा, आणि दरीच्या बाजूस न जातां डोंगराच्या बाजूच्या मातीच्या बांधास अगर झुडुपांस गाडी घासत न्यावी. मालाचें नुकसान भरून येतें.

चढावर उभें राहतांना

चढावर थांबावें लागलें असतां वेगाची मूठ किंचित् पिळून गाडी जागच्या जागीं धरून ठेवण्याची संवय वाईट आहे. मोटर न फिरतां तिच्यांतून जोराचा प्रवाह जातो; तिचें वेष्टण व कंट्रोलर तापून खराब होतात. पायाचा अगर हाताचा ब्रेक लावून उभें राहावें. निघतांना मूठ थोडी पिळून, गाडी पुढें ओढ घेते असें जाणवल्यावर ब्रेक सोडावा. गाडी सोडून जातांना तर हँडब्रेक, किल्ली काढणें व चाकाखालीं दगड हीं तिन्ही करावीं. एकावर विसंबूं नये.

तीन चाकांचा तोल

तीन चाकांच्या गाडीस पुढें एकच आधार असतो. वळणावर जोरानें ब्रेक लावला म्हणजे सारें ओझें पुढच्या कोपऱ्याकडे धांवतें, आणि तेथें चाक नसल्यानें गाडी कलंडते. म्हणून ब्रेक वळणाच्या आधीं, सरळ वाटेवर लावावा. पोतीं उंच रचण्यापेक्षां खालीं पसरून, मागच्या धुऱ्याच्या किंचित् पुढें व दोरानें घट्ट बांधून ठेवावीं. कापसाचें ओझें हलकें असलें तरी उंच होतें व वारा धरतें, हें विसरूं नये. अर्धवट भरलेली पाण्याची टाकी व दुधाचे अर्धे कॅन सर्वांत अवघड; ब्रेक लावतांच आंतील पाणी पुढें उसळतें व वळणावर बाजूस जातें. टाकी लहान घ्यावी, पण पूर्ण भरावी.

निःशब्द गाडी

या गाडीचा आणखी एक धोका तिच्या गुणांतूनच निघतो. ती आवाज करीत नाहीं. मढीच्या यात्रेंत किंवा नवरात्रांत मोहट्याच्या वाटेवर पायीं चालणारे भाविक मागून येणाऱ्या गाडीची चाहूल ऐकून बाजूस होतात. ही गाडी त्यांस ऐकूं येत नाहीं. जनावरेंही एकाएकीं बुजतात. गर्दींत पायाच्या चालीनें जावें व घंटा अगर भोंगा वेळेवर वाजवावा. तसेंच उभी असतांना ही गाडी चालू आहे कीं बंद हें आवाजावरून कळत नाहीं. किल्ली लावलेली राहिली व मुलानें खेळतां खेळतां मूठ पिळली, तर गाडी पूर्ण ताकदीनें उडी घेते. अंगणांत उभ्या गाडीची किल्ली मालकाच्या खिशांत असली पाहिजे.

नित्याची तपासणी

दररोज निघण्यापूर्वीं अंगणांतच चार हात गाडी चालवून ब्रेक लावून पाहावा. पायपट्टी पूर्वीपेक्षां खोल जात असल्यास पट्ट्या झिजल्या आहेत किंवा तेल उतरलें आहे असें समजावें. टायरांतील हवा ठरलेल्या मापाची असावी. दोन्ही मागील चाकांत ती समान नसली तर ब्रेक लावतांच गाडी एका बाजूस ओढते. ओढ्याच्या पाण्यांतून गाडी गेल्यास पट्ट्या भिजून पकड जाते. पुढें थोडें अंतर हळू जात, पायपट्टी हलकी दाबून त्या वाळवाव्या. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें व मग लवकर उकळतें, याकरितां कारखानदारानें सांगितलेल्या मुदतीस तें बदलावें. मोटरीच्या ब्रेकमुळें पट्ट्या सावकाश झिजतात हें खरें. पण कमी वापरानें त्या धुळीनें व गंजानें जाम होण्याचाही संभव असतो. म्हणून पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर ड्रम उघडून साफ करवून घ्यावे.

घेण्यापूर्वीं

ज्यांस अशी गाडी घ्यावयाची आहे त्यांस आमची एकच सूचना आहे. विक्रेत्याच्या दुकानापुढील सपाट डांबरी रस्त्यावरची फेरी पुरेशी मानूं नये. गाडींत कागदावर लिहिलेलें पुरें ओझें भरवावें व ती आपल्या गांवच्या उतारावर जाणत्या माणसाच्या हातीं द्यावी. मूठ सोडल्यावर ती मंदावते का? बॅटरी भरलेली असतांना किती मंदावते? मध्यावर उभी केली असतां एकट्या हँडब्रेकवर राहते का? ब्रेक लावतांना सरळ राहते कीं ओढ घेते? या चार प्रश्नांचीं उत्तरें डोळ्यांनीं पाहिल्यावर मगच पैसे मोजावे. शेतकरी बैल घेतांना त्याचे दांत पाहतो, खांदा पाहतो व चार पावलें चालवूनही पाहतो. जी गाडी आपल्या मुलाच्या हातीं देऊन घाटांत पाठवावयाची, तिची परीक्षा त्याहून कमी कसोशीनें होऊं नये.